कुंपण घालण्यापूर्वी : समोरचा देखावा आणि कोल्ह्यांचा बंदोबस्त
(कोकणातील घरमालक व बागायतदार ग्राहकांसाठी)

कुंपणाची चौकशी करताना अनेक ग्राहक चारही बाजूंनी सहा फुटी भिंत किंवा पत्रे लावण्यास सांगतात. त्यामागे कोल्ह्याने कोंबड्या नेल्याचा त्रास असतो आणि तो खराच असतो. परंतु ज्या खाडीकडे वा डोंगराकडे पाहत पडवीत बसावे म्हणून घर बांधले, त्यांचा देखावाच अशा कुंपणाआड नाहीसा होतो आणि कोल्हा मात्र खालची माती उकरून आत येतोच. म्हणून उंच व भक्कम जाळी खुराड्याभोवतीच्या लहान आवारापुरतीच ठेवावी आणि हद्दीवर जांभ्याचा तीन फुटी गडगा (दगडी बांध) किंवा छाटून राखलेली कोयनेलची वई (झुडपांचे कुंपण) घालावी, असा आमचा आग्रह असतो.

खुराड्याच्या आवाराला सहा फूट उंचीची चेनलिंक (तारा एकमेकींत गुंफून केलेली) जाळी लावून तिचा वरचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूस झुकवावा. खरे काम मात्र जमिनीलगत असते. कोल्हा जाळीच्या अगदी पायथ्याशी उकरतो. म्हणून जाळीचा दीड ते दोन फुटांचा पट्टा बाहेरच्या बाजूस वळवून मातीखाली पुरला, की उकरताना त्याच्या पंजांना जाळीच लागते. जेथे कातळ आहे तेथे चर खणण्याचा खर्च करू नये; हाच पट्टा जमिनीवर अंथरून त्यावर जांभ्याचे चिरे रचावेत. मुंगूस चेनलिंकच्या दोन इंची भोकातून शिरू शकतो, यासाठी खालच्या दोन फुटांना अर्धा इंची भोकांची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी) जोडावी. फाटकाखालची फट आणि पावसाचे पाणी जाण्याची मोरी यांकडे हमखास दुर्लक्ष होते. मोरीला गज बसवावेत. बिबट्याचा वावर असलेल्या भागात ही जाळी पुरेशी नाही. तेथे कोंबड्या रात्री पक्क्या छपराखालीच बंद कराव्यात.

हद्दीवर उंच जाळी अटळच असेल, तर ती काळ्या रंगाची घ्यावी. चकाकणाऱ्या जाळीपेक्षा ती नजरेला कमी अडते. उतारावरची जागा असल्यास कुंपण घरापासून शक्य तितके खाली न्यावे. दहा फुटांना एक फूट असा उतार असेल, तर साठ फुटांवरची जमीन सहा फूट खाली जाते, म्हणजे तेथील सहा फुटी जाळीचे टोक अंगणाच्या पातळीवर येते आणि पडवीत बसलेल्या माणसाची नजर तिच्यावरून पार जाते.

शेजाऱ्याच्या भिंतीमुळे देखावा गेल्याची तक्रारही आमच्याकडे येते. केवळ देखाव्यावर कायद्याने हक्क सांगता येत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १७ नुसार मोकळ्या जागेवर येणारा उजेड व वारा यांचा हक्कसुद्धा निव्वळ वहिवाटीने मिळत नाही. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि उंचीविषयी शेजाऱ्यांशी समोरासमोर बोलावे.

कोल्हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि उंदीर खाऊन तो बागायतीला उपयोगीही पडतो. फास, विषारी आमिष किंवा घरातील वीज थेट तारेत सोडणे ही कामे आम्ही कोणत्याही परिस्थितीत करत नाही. अशा तारेने माणसे आणि गुरेही दगावतात. मेलेली कोंबडी किंवा खरकटे आवारात टाकू नये, कारण त्याच्या वासाने कोल्हा पुन्हा पुन्हा येतो.

जाळीचे काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावे आणि पहिल्या मोठ्या सरींनंतर पायथ्याची माती वाहून गेली आहे का, हे सर्व बाजूंनी फिरून पाहावे. उघडा पडलेला पट्टा त्याच दिवशी झाकावा.