खुलासा: इराकी दिनार 'पुन्हा 3 डॉलरचा' होणार का?

'इराकी दिनार घेऊन ठेवा, देश सावरला की पुन्हा 3 डॉलरचा होईल,' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

1990पूर्वी अधिकृत दर 3 डॉलरच्या वर होता, हे खरंच. मग कुवेतवरच्या हल्ल्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी इराकवर लादलेल्या निर्बंधांनी तेलाचा पैसा अडला, सरकारने भरमसाट नोटा छापल्या, भाव कोसळला. उत्तरेतल्या कुर्दी भागात मात्र जुन्याच नोटा चालत राहिल्या, नव्या छापल्या गेल्या नाहीत. 2003च्या नोटाबदलीत तिथल्या एका दिनाराला 150 नवे दिनार मिळाले. बगदादकडच्या एकाला एकच. निर्बंध तर दोन्हीकडे होते! म्हणजे भाव पाडला तो नोटांच्या छपाईने, आणि छापलेल्या नोटा देश सावरला म्हणून नाहीशा होत नाहीत.

पडताळायचं असेल तर इराकच्या मध्यवर्ती बँकेने दिलेला चलनातल्या नोटांचा आकडा घ्या आणि एका दिनाराचे 3 डॉलर धरून 3ने गुणा. डॉलरमधलं उत्तर साऱ्या जगाच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा मोठं येतं, म्हणजे हा दर शक्यच नाही.