जॉन ऑफ गाँटची तीन लग्ने आणि सनदेत मागाहून आलेले तीन शब्द

1399 पासून आजवर इंग्लंडच्या गादीवर जे जे बसले, ते सगळे लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याचे वंशज आहेत. तिसऱ्या एडवर्डचा हा मुलगा 1340 मध्ये गेंट शहरात जन्मला आणि त्या गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. थोरले भाऊ हयात असल्याने गादीचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. त्याचे सगळे मोठेपण उभे राहिले ते पहिल्या सासुरवाडीवर.

1359 मध्ये त्याचे लग्न लँकेस्टरच्या ब्लँशशी झाले. दोनच वर्षांत सासरा प्लेगने गेला. वाटणीतला अर्धा हिस्सा थोरल्या मेहुणीकडे होता, पण पुढच्या वर्षी तीही निपुत्रिक वारली आणि सगळी दौलत एका हाती आली. लेस्टर, केनिलवर्थ, पाँटिफ्रॅक्ट, टटबरी असे किल्ले आणि त्यांना जोडलेला मुलूख हाताशी असल्यावर राजाखालोखाल श्रीमंत कोण, हा प्रश्नच उरला नाही. ही जहागीर नंतर राजघराण्यात आली, तरी सरकारी तिजोरीत मिसळली नाही. आजही तिचा हिशेब वेगळा ठेवला जातो आणि तिच्या नावाचे एक मंत्रिपदही आहे.

ब्लँश 1368 मध्ये वारली. मागे फिलिपा, एलिझाबेथ आणि हेन्री ही तीन मुले राहिली. दुसरे लग्न उघड राजकीय होते. 1371 मध्ये स्पेनमधल्या कॅस्टील राज्याच्या मारल्या गेलेल्या राजाची मुलगी कॉन्स्टन्स त्याने केली आणि तिच्या हक्काने स्वतःला कॅस्टीलचा राजा म्हणवून घेतले. 1386 ची स्वारी फसली, मोठी रक्कम आणि सालाना तनखा घेऊन त्याने दावा सोडला. त्या स्वारीतून टिकले ते पोर्तुगालशी जुळलेले नाते. 1387 मध्ये थोरली फिलिपा पोर्तुगालच्या पहिल्या जुआंवची राणी झाली. आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजे धाडणारा राजपुत्र हेन्री हा तिचा मुलगा. ज्याच्या कारकिर्दीत 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला, तो मानुएल तिचा पणतू. गाँटच्या घरातल्या एका लग्नाचा धागा असा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

आता मुख्य गुंता. कॅथरिन स्विनफर्ड ही आजच्या बेल्जियममधल्या एनो प्रांतातून आलेल्या एका सरदाराची मुलगी, कवी चॉसरची मेहुणी. ती ड्यूकच्या मुलींचा सांभाळ करत असे. तिचा नवरा 1371 मध्ये वारला. त्यानंतरच्या काही वर्षांत तिला ड्यूकपासून जॉन, हेन्री, थॉमस आणि जोन अशी चार मुले झाली. त्यांना बोफर्ट हे आडनाव मिळाले ते फ्रान्समधल्या एका जुन्या जहागिरीवरून. बखरकारांनी तिच्यावर यथेच्छ चिखलफेक केली आहे. 1381 च्या शेतकरी उठावात लंडनमधला गाँटचा सॅव्हॉय वाडा जाळला गेला. बंडखोरांनी तिथली चांदीची भांडी चोरली नाहीत, ती फोडून थेम्समध्ये टाकली. इतका राग ड्यूकवर होता. तेव्हा त्याने कॅथरिनशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पण कॉन्स्टन्स वारल्यावर, जानेवारी 1396 मध्ये, त्याने लिंकन कॅथीड्रलमध्ये तिच्याशीच लग्न केले. राजाच्या मुलाला या लग्नातून ना मुलूख मिळणार होता, ना सैन्य. कॅथरिनबद्दल लिहिताना ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली पाहिजे, आणि ती क्वचितच सांगितली जाते.

अडचणी होत्याच. कॅथरिनच्या आधीच्या संसारातल्या एका मुलीचा गाँट धर्मपिता होता, त्यामुळे चर्चच्या लेखी हे लग्न निषिद्ध ठरत होते. पोपने त्याच वर्षी लग्न वैध ठरवले आणि आधी झालेल्या मुलांनाही औरस मानले. फेब्रुवारी 1397 मध्ये गाँटचा पुतण्या राजा दुसरा रिचर्ड याने पार्लमेंटमध्ये सनद दिली. ड्यूक, अर्ल, बॅरन अशी पदे, सर्व मानमरातब आणि जहागिरी ही चौघे जणू विवाहातून जन्मल्याप्रमाणे घेऊ शकतील, असा तिचा आशय. राजगादीचा उल्लेख सनदेत नव्हता. ती मिळेल असेही लिहिलेले नव्हते आणि मिळणार नाही असेही नाही.

गाँट 3 फेब्रुवारी 1399 रोजी लेस्टरला वारला. रिचर्डने त्याची दौलत जप्त केली, ब्लँशपासूनचा हद्दपार मुलगा हेन्री परतला आणि वर्ष संपायच्या आत चौथा हेन्री म्हणून गादीवर बसला. डिसेंबर 1406 मध्ये वारसाहक्काचा कायदा झाला. त्यात गादी हेन्रीच्या चार मुलांकडे आणि त्यांच्या वंशाकडे बांधून दिली होती, पुढचे काहीच ठरवलेले नव्हते. दोनच महिन्यांनी, सावत्र भाऊ जॉन बोफर्टच्या विनंतीवरून, राजाने 1397 च्या सनदेची पक्की नक्कल दिली. तिच्यात मानमरातबांच्या यादीत तीन लॅटिन शब्द जास्तीचे होते: ‘एक्सेप्टा दिग्निताते रेगाली’, म्हणजे राजपद वगळून. पार्लमेंटच्या दप्तरातल्या मूळ नोंदीत हे शब्द नाहीत. राजाच्या सनदांच्या दप्तरातल्या प्रतीत ते ओळीच्या वर, मागाहून लिहिलेले दिसतात.

हे कोणी करवले यावर तर्क भरपूर आहेत. नुकताच चान्सेलर, म्हणजे राजाचा मुख्य मंत्री, झालेला आर्चबिशप बोफर्टांचा विरोधक होता, म्हणून काही जण त्याच्याकडे बोट दाखवतात. पण खरा वाद या शब्दांच्या बळाचा आहे. एक पक्ष म्हणतो, मूळ सनदेत राजपदाचा समावेश कधी नव्हताच, हेन्रीने फक्त ते स्पष्ट केले. दुसरा पक्ष म्हणतो, पार्लमेंटने मान्य केलेली गोष्ट राजा एकट्याच्या सहीने आखडती घेऊ शकत नाही. मला दुसरी बाजू भक्कम वाटते. अर्थ आधीपासून तोच असता, तर जुन्या प्रतीवर शब्द चढवण्याची गरज पडली नसती.

त्या काळात बोफर्टांचे याने काही अडले नाही. हेन्री कार्डिनल झाला, थॉमस ड्यूक. जोनच्या लग्नातून नेव्हिल घराण्याशी सोयरीक झाली आणि तिचेच नातू पुढचे राजे चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड. प्रश्न पेटला तो 1471 नंतर, लँकेस्टरची थेट शाखा संपल्यावर. थोरल्या जॉनची नात मार्गारेट बोफर्ट हिचा मुलगा हेन्री ट्यूडर एवढाच दावेदार उरला. 1485 च्या जाहीरनाम्यात तिसऱ्या रिचर्डने त्याला आईकडून आणि बापाकडूनही अनौरस रक्ताचा म्हटले. स्वतःच्या आजीचा जन्म त्याच चौघांतला, याचा मात्र उल्लेख नाही.

बॉसवर्थच्या लढाईत रिचर्डला हरवून हेन्री ट्यूडर सातवा हेन्री झाला. त्यानंतरच्या पार्लमेंटने गादी सातव्या हेन्रीची आणि त्याच्या वारसांची असल्याचे सांगितले. ती कोणत्या नात्याने, हे सांगायचे टाळले. जानेवारी 1486 मध्ये त्याने चौथ्या एडवर्डच्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न केले. तो जॉन बोफर्टचा पणतू, ती जोन बोफर्टची पणती. दोघेही गाँट आणि कॅथरिनपासून चौथ्या पिढीचे. नाते एवढे जवळचे असल्याने या लग्नालाही चर्चची खास परवानगी काढावी लागली.