इंदूरच्या बादलीतली वीज

नर्मदा इंदूरजवळून वाहत नाही. ती वाहते खाली निमाडात, विंध्याच्या पायथ्याशी, आणि इंदूर वसलंय वर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर. मंडलेश्वरजवळ जलूद इथं नदीतून उचललेलं पाणी सुमारे 70 किलोमीटर वाट कापून, घाट चढून आपल्याकडे येतं. नदीपासून घाटमाथ्यापर्यंतचा हा चढही साधारण 550 मीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त आहे. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात सकाळी ‘नळ आले का?’ असं विचारताना तो घाट कुणाच्या डोळ्यांपुढे येत नसेल. पण शहराच्या पुढच्या तीस वर्षांच्या पाण्याचा विचार करायला बसलेल्या इंजिनिअरची सुरुवात तिथूनच होते.

हिशेब सोपा आहे. हजार लिटर म्हणजे एक टन पाणी. ते 550 मीटर वर न्यायला दीड युनिट वीज लागतेच, कितीही उत्तम यंत्र आणलं तरी त्याखाली जाता येत नाही. त्यात पंप-मोटरमधली तूट आणि एवढ्या लांबच्या नळातलं घर्षण मिळवलं की आकडा दोन युनिटांच्या घरात जातो. म्हणजे मोरीतल्या पंधरा लिटरच्या एका बादलीमागे जेवढी वीज खर्च झाली, तेवढ्यात 9 वॉटचा एलईडी दिवा तीन तासांहून जास्त जळेल. नर्मदा योजनेच्या तीन टप्प्यांची मिळून क्षमता रोजची 54 कोटी लिटर आहे. ती पूर्ण वापरली तर रोज दहा लाखांवर युनिट फक्त पाणी चढवण्यात जातात.

असं महागडं पाणी आणायची वेळ का आली? होळकरांच्या काळात शहराची तहान बिलावली, सिरपूर यांसारखे तलाव आणि विहिरी भागवत. 1939 मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला गेला. पण माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा कातळ आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात मुरेल तेवढंच पाणी साठतं, त्यामुळे ‘पग पग नीर’ म्हणवणाऱ्या या मुलखात बोअरिंग उन्हाळ्यात कोरडी पडतात. 1971 च्या जनगणनेत इंदूर 5.6 लाखांचं होतं. त्याच सुमाराला ‘नर्मदा आणा’ म्हणून लोक रस्त्यावर आले होते, आणि 1978 मध्ये पहिल्या टप्प्याचं रोजचं 9 कोटी लिटर पाणी शहरात पोचलं. पुढे तेवढाच दुसरा टप्पा आणि मग त्या दोघांच्या दुप्पट, 36 कोटी लिटरचा तिसरा. 2011 पर्यंत लोकसंख्या 19.6 लाख झाली होती.

पाणीपुरवठ्याचं नियोजन म्हणजे मुळात भविष्यातली माणसं मोजणं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेत महानगरांसाठी माणशी रोज 150 लिटर धरलेत. हा आकडा गुणायचा कशाने, इथंच खरी पंचाईत आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही, आणि दरम्यान शहराच्या हद्दीत आजूबाजूची गावं आली, बायपासपलीकडे कॉलन्या उभ्या राहिल्या. शिवाय योजनेचा प्रत्येक भाग वेगळ्या वयाचा असतो. त्याच पुस्तिकेनुसार धरण 50 वर्षांसाठी आखतात, नळ 30 वर्षांसाठी, पंप आणि मोटरी फक्त 15 वर्षांसाठी. लोकसंख्येचा अंदाज चुकला तर पंप बदलता येतात. जमिनीत पुरलेला नळ मात्र बारीक निघाला, तर एक पिढीभर ती चूक सोसावी लागते.

पाणी भरवशाचं असणं हे विजेच्या भरवशावर टिकतं. जलूदला वीज अचानक गेली की पंप थांबतात, पण नळात चढत असलेला हजारो टनांचा पाण्याचा स्तंभ तिथल्या तिथे थांबत नाही. तो पुढे रेटतो, मग मागे फिरतो, आणि दाबाची लाट लोखंडी नळातून सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर वेगानं धावते. सेकंदाला एक मीटर वेगानं वाहणारं पाणी एकाएकी अडलं, तर शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब वाढतो. म्हणून अशा नळावर जागोजागी हवेचे व्हॉल्व्ह आणि लाट जिरवणाऱ्या टाक्या बसवतात. त्यात कसर राहिली की नळ फुटतो, आणि शहराचे दोन-तीन दिवस टँकरवर जातात.

विजेचा खर्च कमी करायला महापालिकेनं फेब्रुवारी 2023 मध्ये ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले, ते जलूदजवळच्या 60 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. कल्पना मला मनापासून पटते. फक्त तिच्या मर्यादा ठाऊक असाव्यात. एवढा प्रकल्प रोज सरासरी पावणेतीन लाख युनिटांच्या आसपास वीज देईल, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या गरजेच्या साधारण चौथा हिस्सा. आणि पंप तर रात्रीही चालतात.

नदीचं काय? नर्मदा बर्फातून निघत नाही. उन्हाळ्यात तिच्यात जे वाहतं ते जमिनीतून पाझरलेलं आणि वरच्या धरणांत अडवलेलं पावसाचं पाणी. जलूदच्या वर ओंकारेश्वर आणि त्याही वर इंदिरा सागर धरण आहे, हा इंदूरचा मोठा आधार. पण त्या पाण्यावर शेती, वीज, इतर शहरं असे अनेक हक्क आहेत. नर्मदा जलविवाद लवादाच्या 1979 च्या निवाड्यात राज्यांची वाटणी ठरली, आणि 45 वर्षांनंतर तिचा फेरविचार करता येईल अशी तरतूद त्यातच आहे. ती मुदत 2024 मध्ये उलटली. म्हणून यशवंत सागर आणि सिरपूर, 2022 पासून दोन्ही रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा), केवळ पक्ष्यांसाठी जपून चालणार नाही. घाट न चढता मिळणारं पाणी आपल्याजवळ थोडकंच आहे, आणि त्याच्या पाणलोटात प्लॉट पाडणं मला अक्षम्य वाटतं.

आता नळाकडे येऊ. शहराच्या बऱ्याच भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाणी यायच्या आधी तोटीतून फुसफुस हवा निघते आणि पहिली बादली गढूळ असते. याचा अर्थ मधल्या वेळात नळ रिकामा होता. भरलेल्या नळाला भेग असेल तर पाणी बाहेर जातं. रिकाम्या होत चाललेल्या नळात दाब उलटा होतो, आणि त्याच भेगेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, शेजारून गटार गेलं असेल तर तेही. नळाला थेट टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप लावला की ही ओढ आणखी वाढते.

गळती शोधायची खात्रीची रीत म्हणजे पहाटे दोन ते चारच्या दरम्यान एखाद्या भागात किती पाणी शिरतंय ते मोजणं. लोक झोपलेले, तोट्या बंद. तरीही मीटर फिरत असेल तर ते बहुतेक पाणी जमिनीत जातंय. मग माणूस व्हॉल्व्हवर लोखंडी सळई टेकवतो, दुसऱ्या टोकाला कान लावतो आणि सूं सूं आवाज जिथं वाढेल तिथं खणायला सांगतो. ही रीत नळ सतत भरलेला असेल तरच चालते. एक दिवसाआडच्या पुरवठ्यात रात्री नळात दाबच नसतो, त्यामुळे गळती लपूनच राहते.

54 कोटी लिटरांतला दर सहावा लिटर वाचला, तर ते 9 कोटी होतात, म्हणजे 1978 चा आख्खा पहिला टप्पा, तोही एक थेंब जास्तीचा घाट न चढवता. त्यासाठी घरोघरी मीटर बसेपर्यंत थांबायचं कारण नाही. आधी प्रत्येक उंच टाकीच्या तोंडाशी आणि टाकीवरून निघणाऱ्या प्रत्येक मोठ्या नळावर मीटर हवा. एखाद्या टाकीचा भाग निवडून तिथं चोवीस तास दाब ठेवायचा, गळती बुजवायची, मग पुढच्या टाकीकडे वळायचं. जलकर ठरावीक रकमेचा राहिला तरी हे काम अडत नाही.