गाइडची सही: मुंबईतल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या ताणामागचा इतिहास

पीएचडी करणाऱ्यांशी ताणाबद्दल बोललं, तर विषयाच्या अवघडपणापेक्षा गाइडच, म्हणजे प्रबंधाचा मार्गदर्शक प्राध्यापकच, जास्त पुढे येतो. प्रकरण वाचायला वेळ नाही, सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) अडकलाय, मेलला उत्तर नाही. हे अवलंबित्व आलं कुठून?

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, शिकवणं कॉलेजांकडे. विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग विसाव्या शतकातले. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्र विभाग सुरू केला, १९२४ मध्ये तो गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे त्यांचे विद्यार्थी. विभाग लहान, गुरू एक, आणि पुढची वाट त्याच्याच शब्दावर. यातून मोठं काम उभं राहिलं, पण विद्यार्थ्याचं नशीब एका माणसाच्या हाती देण्याची रीतही इथेच रुजली.

ती रीत किती दुधारी आहे, हे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींच्या अनुभवात दिसतं. मुंबई विद्यापीठाच्या या पदवीधर मुलीला १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही, तेव्हा अपमानास्पद अटींवर घेतलं. त्याच संस्थेतले शिक्षक श्रीनिवासय्या यांनी मात्र तिला मनापासून शिकवलं. पुढे केंब्रिजची पीएचडी मिळवून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि तिच्या संचालकही झाल्या. बंगळुरूची संस्था एकच, पण कोण वाट्याला येतं यावर सगळं ठरलं.

स्वातंत्र्यानंतर टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पवईची आयआयटी वाढली. प्रयोगशाळेत प्रकल्प आणि निधी गाइडच्या नावावर असतो, त्यामुळे विद्यार्थ्याचं पोटही त्याच्याशी बांधलं गेलं. पुढे शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंध मोजले जाऊ लागले आणि तो भार विद्यार्थ्यांवर येऊन पडला. फेलोशिप चालू राहायची तर प्रगती समाधानकारक असल्याची सही लागते. मुंबईत खोलीचं भाडं थांबत नाही. महिनोन्महिने फेलोशिप अडकली, तर बाहेरगावहून आलेल्या मुलाला गाइडशी मतभेद परवडत नाही.

हा ताण केवळ इथला नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांना मानसिक विकाराचा धोका दिसला, आणि गाइडच्या वागण्याच्या पद्धतीचा त्याच्याशी संबंध आढळला. उमेद देणारा गाइड असेल तिथे त्रास कमी होता.

आपल्याकडे उपाय मुख्यतः नियमांतून आले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांनी प्राध्यापकाला एका वेळी आठच पीएचडी विद्यार्थी घेण्याची मर्यादा घातली, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार. सहा महिन्यांनी प्रगती पाहणारी संशोधन सल्लागार समितीही आणली. गर्दी कमी करणं योग्यच होतं. पण त्या समितीचा निमंत्रक कोण? तोच गाइड. २०२२ च्या नव्या नियमांनीही हे बदललं नाही. गाइडविरुद्ध तक्रार असलेली मुलगी समितीसमोर बसते, तेव्हा बैठक बोलावणारा माणूस तोच असतो. माझ्या मते पहिली दुरुस्ती इथे हवी: निमंत्रक दुसऱ्या विभागाचा असावा, आणि गाइड बदलायला जुन्या गाइडच्या संमतीची गरज नसावी.