पार्श्वभूमी: ‘एअर-कूल्ड’ शब्दाचा घोळ, जुनी ९११ आणि खान्देशातली कोंडी

खान्देशात ‘एअर-कूल्ड’ म्हटलं की दोन वाहनं डोळ्यांसमोर येतात, बुलेट आणि रिक्षा. दोघींना आपण एकाच शब्दात बसवतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. बुलेटचं इंजिन उघडं असतं. गाडी पळेल तेव्हाच फिनवरून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवरून, वारा जातो, गाडी थांबली की वाराही थांबला. मागे इंजिन असलेल्या जुन्या टू-स्ट्रोक रिक्षाचं तसं नाही. तिच्या फ्लायव्हीलवरच पंखा असतो, त्याभोवती पत्र्याचं कव्हर, आणि रिक्षा स्टँडवर नुसती चालू उभी असली तरी सिलिंडरवर वारा पडत राहतो. ते कव्हर काढून रिक्षा चालवली की पिस्टन जाम होतो, हे कुठलाही फिटर सांगेल.

मागे इंजिन असलेली जर्मन स्पोर्ट्सकार पोर्शे ९११ ही रिक्षाच्या कुळातली. त्यामुळे ‘ट्रॅफिकमध्ये वारा मिळत नाही म्हणून ती तापते’ हे जे सर्रास म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. जळगावला अजिंठा चौफुलीवर मे महिन्यात ट्रकच्या मागे अडकलेल्या ९११ च्या सिलिंडरना वारा मिळतच असतो. वारा मिळत नाही तो गाडीच्या पुढच्या बाजूला असलेल्या ऑइल कूलरला.

या गाडीच्या नावात हवा आहे, पण उष्णतेचा मोठा वाटा ऑइल वाहून नेतं. ऑइल पॅनमध्ये साठत नाही, वेगळ्या टाकीत जातं. १९८० च्या दशकातल्या गाड्यांत सगळं मिळून तेरा लिटरच्या आसपास ऑइल फिरत असतं. एवढं ऑइल फक्त वंगणासाठी लागत नाही. म्हणून मी या गाडीला ‘ऑइल-कूल्ड’ म्हणतो, आणि जुन्या गाड्यांच्या मंडळींशी माझा वाद होतो तो याच शब्दावरून.

वाद शब्दापुरता राहत नाही, कारण आपल्याकडच्या उन्हात त्याचा हिशेब वेगळा निघतो. फिन २०० अंशांवर आहे असं धरा. बाहेर २० अंश असतील तर फरक १८० चा, ४५ असतील तर १५५ चा. म्हणजे फिनची उष्णता फेकण्याची ताकद १४ टक्क्यांनी घटली. आता १०० अंशांवरचं ऑइल घ्या. २० अंशांत फरक ८० चा, ४५ मध्ये फक्त ५५ चा. इथे घट ३१ टक्क्यांची. भुसावळचं ऊन सिलिंडरपेक्षा ऑइल कूलरला दुपटीहून जास्त मारतं ते असं. (पाण्याच्या रेडिएटरचं गणित तर याहून वाईट आहे, तरी दोष एअर-कूल्डलाच दिला जातो.)

मागचा इतिहास थोडक्यात. फोक्सवॅगन बीटलच्या चार सिलिंडरच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या कव्हरच्या आतच उभा होता. त्याच्या आडोशाला येणाऱ्या तीन नंबरच्या सिलिंडरला गरम आणि कमी हवा मिळायची, आणि जळायचा तर तोच. तो कूलर कव्हरबाहेर काढायला १९७१ चं मॉडेल उजाडलं. १९४८ ची पोर्शेची ३५६ याच घराण्यातली. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला दाखवलेल्या ९११ ला सहा सिलिंडर, मागे उभा अकरा पात्यांचा पंखा आणि त्याच्या पोटात अल्टरनेटर. ताकद वाढत गेली तसा इंजिनाला लागून असलेला कूलर अपुरा पडू लागला आणि १९६९ च्या ‘एस’ मॉडेलला पुढच्या उजव्या चाकावरच्या मडगार्डच्या आत दुसरा ऑइल कूलर आला. ऑइल तापलं की वाट मोकळी करणारा थर्मोस्टॅट ८३ अंशांच्या आसपास उघडतो आणि ऑइल मागून थेट पुढपर्यंत फिरून येतं. मात्र या कूलरला पंखा नव्हता. तिथे गाडी बुलेटच्या कुळात गेली.

सगळ्यात जास्त शाई खर्च झाली आहे ती १९७६-७७ च्या पाच पात्यांच्या पंख्यावर. अल्टरनेटर कमी आरपीएमवरही नीट चार्ज करावा म्हणून पुली बदलली. पूर्वी इंजिनाच्या एका फेऱ्याला पंखा सुमारे १.३ फिरायचा, तो १.८ फिरू लागला. एवढ्या वेगात अकरा पाती इंजिनाची ताकद खातात, कारण पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणून पाती पाच केली. त्याच २.७ लिटरच्या इंजिनांचे हेड स्टड (सिलिंडर हेड आवळून धरणारे लांब बोल्ट) पुढे क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातून, उपटून यायला लागले आणि खापर फुटलं पंख्यावर. आजही जुनी २.७ दिसली की पहिला प्रश्न ‘पाती किती?’ हाच असतो.

मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. त्या इंजिनाचा क्रँककेस मॅग्नेशियमचा आणि स्टड पोलादाचे होते. मॅग्नेशियम तापल्यावर पोलादाच्या दुपटीहून जास्त फुगतं, शिवाय मऊ पडतं. त्यात अमेरिकेसाठीच्या गाड्यांना धुराच्या नियमांपायी हेडच्या अगदी खाली थर्मल रिअॅक्टर बसवले. उरलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्येच जाळणाऱ्या त्या भट्ट्याच होत्या. ज्या गाड्यांना रिअॅक्टर नव्हते, त्यांनी पाच पात्यांवरही तुलनेने बरे दिवस काढले. १९७८ च्या ‘एससी’ला अॅल्युमिनियमचा क्रँककेस मिळाला आणि अकरा पातीही परत आली. दोन्ही एकदम झाल्यामुळे श्रेय पंख्याला मिळालं. आयडलवरच्या ९०० आरपीएमला जुना पंखा ११७० फेरे घेतो, पाच पात्यांचा १६२०. कोंडीत नुसता पंखा बदलून ऑइलची सुई खाली येईल असं मानणाऱ्यांनी हा आकडाही डोळ्यांसमोर ठेवावा.

पुढच्या कूलरची गोष्ट त्यामानाने दुर्लक्षित राहिली, आणि आपल्या कामाची तीच आहे. १९७० च्या दशकात बऱ्याच गाड्यांना तिथे कूलर म्हणून नुसती वळवलेली नळी होती. मग पितळी नळ्यांचा जुडगा आला, १९८० च्या दशकाच्या मध्यात रेडिएटरसारखा जाळीचा कूलर आला आणि १९८७ मध्ये त्याला अखेर विजेचा पंखा मिळाला. कोंडीवर पहिलं खरं उत्तर हेच. त्याआधीच्या गाड्यांना असा पंखा बसवावा की नाही, यावर दोन तट आहेत. ‘मूळ गाडीला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांची तळमळ मला कळते, पण त्यांचं ‘मूळ’ जर्मनीच्या हवेतलं आहे. चाळीसगावहून औट्रम घाट चढताना पुढे एखादं वाहन बंद पडलं तर तास-दीड तास जागेवर जातो. तिथे बिनपंख्याचा कूलर शोभेचाच.

कोंडीत गिअर काढून हलकी रेस द्यावी, हा रिक्षावाल्यांचा जुना उपाय इथे निम्मा लागू पडतो. १५०० आरपीएमला मागचा पंखा आणि ऑइल पंप दोन्ही जास्त काम करतात, त्यामुळे इंजिनाजवळच्या कूलरला फायदा होतो. पुढच्या कूलरकडे फक्त जास्त ऑइल जातं, वारा नाही. आणि घाबरून इंजिन एकदम बंद करणं सगळ्यात वाईट. इंजिनाबरोबर पंखाही थांबतो आणि साठलेली उष्णता आतच मुरते.

आमच्या एका स्नेह्याकडे जळगावात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची ‘एससी’ आहे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने तिचं इंजिन उतरवून परत चढवलं. त्यानंतर प्रभात चौकापासून इच्छादेवी चौकापर्यंत जाईस्तोवर सुई लाल पट्ट्याकडे झुकायची. ‘इंजन तपी गयं’ एवढंच निदान प्रत्येकाने केलं. मागचं झाकण उघडून हात फिरवला तेव्हा कळलं. इंजिनाभोवतीच्या पत्र्याच्या कडेची रबरपट्टी एका बाजूला नव्हतीच, दुसऱ्या बाजूला वाळलेल्या शेंगेसारखी कडक होऊन तडकलेली. वरची गार हवा आणि खालची एक्झॉस्टजवळची गरम हवा यांच्यामध्ये आडवी असते ती हीच पट्टी. गाडी पळताना खालची हवा मागे वाहून जाते. उभी राहिली की तीच फटीतून वर येते आणि पंखा तीच पुन्हा सिलिंडरवर मारतो. खिडकीत कूलर बसवताना भोवतीच्या फटी पुठ्ठ्याने का बुजवायच्या, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

पुढे ही वाटच संपली. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये सिलिंडर हवेवर आणि हेड पाण्यावर, अशी विभागणी झाली होती. एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवायचे तर हेडमध्ये फिनला जागा उरत नाही, त्यात आवाजाचे आणि धुराचे नियम घट्ट होत गेले. १९९७ मध्ये पाण्यावर गार होणारी नवी ९११, म्हणजे ९९६, आली आणि १९९८ मध्ये ९९३ ची, म्हणजे शेवटच्या एअर-कूल्ड ९११ ची, शेवटची गाडी बाहेर पडली.

स्नेह्याच्या गाडीला पट्टी नवी बसली. पुढच्या कूलरवर थर्मोस्विचचा, म्हणजे ऑइल तापलं की आपोआप सुरू होणारा, छोटा पंखाही लावला, बॉडीला एकही भोक न पाडता. गेल्या मे महिन्यात दुपारी दोनला अजिंठा चौफुलीवर वीस मिनिटं उभे होतो. पंख्याची घरघर सुरू झाली, सुई लाल पट्ट्याच्या बोटभर अलीकडे थांबली आणि तिथेच राहिली.