किडनीचा आजार आणि चिकन: तुकडे मोजून, रस्सा बाजूला

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढल्याचं कळलं की घरात पहिली कुऱ्हाड चिकनवर पडते. त्याच पेशंटला ‘ताकद यावी’ म्हणून अळणी सूप मात्र आवर्जून पाजलं जातं. खरं तर याच्या नेमकं उलट करायला हवं.

प्रथिनं पचली की त्यांतल्या नायट्रोजनचा युरिया होतो आणि तो गाळून टाकायचं काम किडनीचं. प्रथिनं जास्त झाली की गाळण्यांमधला दाब वाढतो आणि उरल्यासुरल्या गाळण्या लवकर झिजतात. म्हणून आजाराच्या तिसऱ्या टप्प्यापासून, डायलिसिस सुरू नसेल तर, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं धरतात. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. (अंगावर सूज असेल तर काट्यावरचं वजन धरू नका, त्यात पाणी मोजलं जातं.)

आता ताट बघा. चार पोळ्या, दोन वाट्या भात आणि कपभर दूध यांतच २५ ते २८ ग्रॅम होतात. उरलेल्यात बिनहाडाचं ६० ग्रॅम कच्चं चिकन सहज बसतं, त्यात १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. हाडांसकट घेतलं तर जवळपास तिसरा हिस्सा हाडांचा, म्हणून ९० ग्रॅम घ्या. त्या दिवशी वरणाची वाटी आणि अंडं मात्र नको. चूक होते ती इथेच: चिकन ताटात वाढतं, पण त्याच्या बदल्यात काहीच कमी होत नाही.

तुकडे लहान करा, भरपूर पाण्यात मीठ न घालता दहा मिनिटं उकळा, ते पाणी ओतून द्या आणि मग फोडणीला टाका. किडनी अधू झाली की रक्तात साठणारे पोटॅशियम आणि फॉस्फरस बऱ्यापैकी त्या पाण्यात उतरतात, प्रथिनं बहुतांशी तुकड्यातच राहतात. सूप म्हणजे नेमकं तेच पाणी! वाटणात सुकं खोबरं आणि टोमॅटो हात राखून घाला, दोन्हींत पोटॅशियम भरपूर. ‘लो सोडियम’ मीठ तर आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकीटबंद नगेट्स, सॉसेजमध्ये मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ सगळेच रक्तात शोषले जातात, चिकनमधलं नैसर्गिक फॉस्फरस तेवढं शोषलं जात नाही.

प्रथिनं कमी करताना पोट मात्र भरलंच पाहिजे. भात, साबुदाणा, तेल यांतून उष्मांक मिळाले नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. त्याचाही युरियाच होतो, शिवाय माणूस खंगतो.

डायलिसिस सुरू झालं की हिशेबच बदलतो. दर खेपेला अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) वाहून जातात, त्यामुळे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. जुन्या पथ्याच्या धाकाने चिकन, अंड्याचा पांढरा भाग टाळत राहणारे पेशंट पुष्कळ असतात. त्यांनी आहारतज्ज्ञांकडून नवा तक्ता लगेच करून घ्यावा.

आणि तपासणीसाठी रक्त द्यायच्या आदल्या रात्री चिकन-मटण नको. शिजताना मांसातल्या क्रिएटिन या द्रव्याचं क्रिएटिनिन होतं, आणि रिपोर्टमधला आकडा तेवढ्यानेही फुगतो.