आवाज अडवायचा, गॅस नाही: बुलेट शांत करताना सायलेन्सरच्या आत काय घडतं

गाडीचा आवाज वाढवणं हे सगळ्यात सोपं मॉडिफिकेशन आहे. आतल्या जाळ्या-पट्ट्या कापून काढल्या की झालं. आवाज कमी करायचा म्हटलं की मात्र भलेभले मेकॅनिक पण विचारात पडतात. आणि हे विचारणारे लोक आहेत, माझ्याच ओळखीत बरेच आहेत. जुनी बुलेट घेतली, आधीच्या मालकाने इंदोरी म्हणतात तो दणदणीत आवाजाचा सायलेन्सर ठोकलेला, आता घरात लहान बाळ आहे किंवा खालच्या मजल्यावर आजारी आजोबा आहेत आणि नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला निघताना किक मारली की अख्खी बिल्डिंग जागी होते. मग काय करतात, तर सायलेन्सरच्या शेपटीत, म्हणजे मागच्या तोंडात, वॉशर वेल्ड करून घेतात, नाहीतर सरळ भांडी घासायची तारेची घासणी आत कोंबतात. आवाज थोडा बसतो पण गाडीही बसते, पिकअप जातो, इंजिन तापतं, आणि मग "बघ, आवाज कमी केला की पॉवर जातेच" असं म्हणून परत मोकळा सायलेन्सर लावला जातो. हे म्हणणं चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे तेच सांगायचंय.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलेंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट प्रेशर शिल्लक असतं. ते पाइपमध्ये सुटतं आणि त्या क्षणी पाइपमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी चालू होतात. एक म्हणजे जळालेला गॅस, जो खरोखर इथून तिथे जातो. ३५० सीसीचं इंजिन ३००० आरपीएमला चालत असेल तर बेंड पाइपमधून, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या पाइपमधून, गॅस सरासरी सेकंदाला साधारण १५ मीटर वेगाने सरकतो, फार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे प्रेशरची लाट, ती आवाजाच्या वेगाने जाते आणि तापलेल्या गॅसमध्ये हा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो, बाहेरच्या हवेत असतो त्याच्या जवळजवळ दीडपट. रामकुंडात खडा टाकला की तरंग पायरीवर आपटून मागे फिरतो आणि गोदावरीचं पाणी मात्र आपलं पुलाखालून पुढे जातच राहतं, तसंच हे आहे. आपल्या कानाला त्रास देते ती लाट. गॅसचा आणि आपला काही झगडा नाही, त्याला जितक्या सहज बाहेर जाऊ द्याल तितकं इंजिन खूश. वॉशर आणि घासणीवाला उपाय गॅसचाच गळा आवळतो. चांगला सायलेन्सर गॅसला वाट देतो आणि लाटेला आत फिरवून फिरवून संपवतो.

आता ही लाट कशी असते ते बघू. फोर स्ट्रोक सिंगल सिलेंडर म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक ठोका, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके, २५ हर्ट्झ. बुलेटची ती धकधक म्हणतात ती या खालच्या पट्टीतली. पण व्हॉल्व्ह एकदम उघडतो, प्रेशर एकदम सुटतं, त्यामुळे ठोका गुळगुळीत नसतो, त्याला टोक असतं, आणि अशा टोकदार ठोक्यात २५ च्या सगळ्या पटी येतात, ५०, ७५, १०० करत करत पार काही हजार हर्ट्झपर्यंत. कानाला फाटल्यासारखा वाटतो तो आवाज या वरच्या भागातला, कारण माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यान सगळ्यात तिखट असतो. हे नीट लक्षात घ्या, कारण धकधक आणि फटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोघांचा इलाज वेगळा आहे, आणि ज्याला बुलेटची धकधक जीव की प्राण आहे त्याला ती ठेवून नुसता फटका काढता येतो.

फटक्याचा इलाज ग्लासवूल, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांची लोकर. मधून सरळ पाइप, त्याला सगळीकडून बारीक भोकं पाडलेली, त्याच्याभोवती ग्लासवूल आणि बाहेरून डबा. गॅस सरळ निघून जातो, त्याला कुठे वळायला नको. लाट मात्र भोकांमधून ग्लासवूलमध्ये शिरते, तिथली हवा लाखो बारीक धाग्यांमध्ये पुढेमागे घासते आणि आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन संपते. वरच्या पट्टीला हे एकदम भारी चालतं. खालच्या पट्टीला जवळजवळ काहीच करत नाही, कारण २५ हर्ट्झच्या लाटेची लांबी गरम गॅसमध्ये २० मीटर होते आणि तीन-चार सेंटीमीटर जाडीचं पॅकिंग तिच्यापुढे नसल्यातच जमा. पॅकिंग फार घट्ट दाबून भरलं तरी काम करत नाही, हवेला हलायला जागा पाहिजे. कापूस, ज्यूट, फोम असलं काही भरू नका, जळतं. आणि ग्लासवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे घालाच, अंगाला लागलं की दिवसभर खाजतं आणि श्वासातून जाणं तर त्याहून वाईट.

मधल्या पट्टीचा इलाज म्हणजे मोकळा डबा, चेंबर. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो कारण इथे काही शोषलं जात नाही, नुसत्या जागेने आवाज अडतो. बारीक पाइपमधून लाट एकदम मोठ्या डब्यात आली की तिचा बराच भाग तोंडावरूनच उलटा फिरतो, उरलेला डब्यातून पुढे जातो, पलीकडच्या तोंडावर परत आपटतो, परत फिरतो, आणि या येणाऱ्या-जाणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. ३८ मिलिमीटरचा पाइप आणि १०० मिलिमीटर व्यासाचा डबा घेतला तर हिशोबाने जास्तीत जास्त ११ डेसिबलच्या आसपास कपात मिळते. पण ती सगळ्या आवाजांना सारखी मिळत नाही. ३० सेंटीमीटर लांबीचा डबा ४१७ हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त अडवतो आणि ८३३ हर्ट्झला काहीच अडवत नाही, त्या पट्टीचा आवाज डबा नसल्यासारखा आरपार जातो! कारण त्या वेळी डब्याची लांबी लाटेच्या बरोबर अर्धी होते आणि फिरलेल्या लाटा एकमेकींना मारायच्या ऐवजी पुढे ढकलतात.

आवाज निसटून जायचं हे ८३३ हर्ट्झचं भोक बुजवायची युक्ती फार सुंदर आहे. आत येणारा पाइप डब्याच्या तोंडाशी न थांबवता अर्ध्यापर्यंत आत घ्यायचा, म्हणजे १५ सेंटीमीटर, आणि बाहेर जाणारा पाइप पलीकडून पाव भाग आत घ्यायचा, साडेसात सेंटीमीटर. आत घुसलेल्या पाइपच्या बाहेरून जी कडेची पोकळी उरते ती एका बाजूने बंद असते, आणि १५ सेंटीमीटरची पोकळी नेमकी ८३३ हर्ट्झलाच गिळते, साडेसातवाली त्याच्या दुप्पट म्हणजे १६६७ हर्ट्झला, जिथे डब्याचं दुसरं भोक असतं. दोन तुकडे पाइप जास्त लागतो, बाकी खर्च शून्य. मफलरच्या या गणितात जगभर ज्यांचं नाव घेतलं जातं ते प्रा. एम. एल. मुंजाल आपल्याच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले. प्रत्यक्षात गॅसचं तापमान बदलतं तसा आवाजाचा वेग बदलतो, त्यामुळे हे आकडे थोडे इकडेतिकडे सरकतात, म्हणून कंपनीच्या सायलेन्सरमध्ये एकाच लांबीचे चेंबर सहसा नसतात, मुद्दाम लहानमोठे ठेवलेले असतात.

हे बघायचं असेल तर भंगारात गेलेला कंपनीचा सायलेन्सर ग्राइंडरने उभा कापून घ्या, सातपूर-अंबडला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे दहा मिनिटांचं काम आहे. आत बहुतेकदा तीन खोल्या दिसतात, मधल्या पत्र्यांना बफल म्हणतात, त्यातून पाइप असे जातात की गॅस शेवटच्या खोलीत जाऊन परत मागे येतो आणि मग बाहेर. एखाद्या पाइपला बारीक भोकांची जाळी असते. पत्रा वरच्या बाजूला धड असतो, त्यावर काळी मऊ काजळी, बोटाला लागते. आणि तळाला गंज, खपल्या निघालेल्या, कधी कधी आरपार. हे पावसाचं पाणी नाही, हे पेट्रोलचं पाणी आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांब पळवली तर ते वाफ होऊन निघून जातं, पण घर ते भाजी मार्केट एवढ्याच फेऱ्या असतील तर सायलेन्सर पुरता तापतच नाही आणि पाणी तळाला साचून राहतं. म्हणून कस्टम बनवताना सगळ्यात खालच्या जागी दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवायला सांगाच, आणि जमलं तर पत्रा ३०४ स्टेनलेसचा घ्या. पातळ पत्रा नको, तो स्वतःच थरथरून आवाज करतो, आतलं सगळं डिझाइन बरोबर असलं तरी बाहेरून टिणटिण ऐकू येत राहते.

मिस्त्री तुम्हाला म्हणेल, "दादा, एवढा मोठा डबा कशाला, छोटा सुटसुटीत करू ना, दिसायला पण भारी." इथे ऐकू नका. शांतता आणि मोकळा श्वास दोन्ही पाहिजे असेल तर जागा लागतेच, इंजिनच्या सीसीच्या निदान दहापट तरी. ३५० सीसीला साडेतीन लिटर, म्हणजे १० सेंटीमीटर व्यास आणि ४५ सेंटीमीटर लांबी. छोट्या डब्यात तेवढीच शांतता पाहिजे असेल तर भोकं बारीक करावी लागतात आणि मग परत गॅसचाच गळा आवळला जातो.

"इंजिनला बॅक प्रेशर लागतंच" हे पण सारखं ऐकायला मिळतं. इंजिनला बॅक प्रेशर नको असतं, त्याला लागते ती वेळेवर परत आलेली लाट. सायलेन्सरच्या तोंडाशी जागा मोठी झाली की तिथून जी लाट मागे फिरते ती उलटी असते, दाबाऐवजी ओढ घेऊन येते, आणि व्हॉल्व्ह बंद व्हायच्या जरा आधी पोचली तर सिलेंडरमधला उरलासुरला जळका गॅस ओढून काढते. एक मीटरच्या पाइपमध्ये ही लाट जाऊन यायला ४ मिलिसेकंद लागतात आणि ३००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ७२ अंश फिरतो. म्हणजे हा टायमिंगचा खेळ आहे. म्हणून माझं म्हणणं, बेंड पाइपला हात लावू नका, त्याची लांबी आणि व्यास कंपनीने ठरवलाय तोच ठेवा आणि पहिला चेंबर पण जुन्या सायलेन्सरच्या तोंडाच्याच जागी सुरू करा. पॉवर गेली अशी तक्रार येते ती बऱ्याचदा इथूनच.

१ एप्रिल २०२० नंतरची बीएस६ गाडी असेल तर त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे आणि ऑक्सिजन सेन्सर आहे, ते दोन्ही जिथे आहेत तिथेच राहिले पाहिजेत, काम फक्त त्यांच्यानंतरच्या, शेपटीकडच्या भागात करायचं.

कायद्याचंही बोलू. सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्सच्या नियम १२० मध्ये प्रत्येक गाडीला सायलेन्सर पाहिजे असं म्हटलंय आणि त्यात एक्सपान्शन चेंबरचा चक्क नावाने उल्लेख आहे, वर सांगितलं तोच चेंबर. नवीन मोटरसायकलला कंपनीतून निघताना मर्यादा आहे, ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल आणि १७५ च्या वर ८०, साडेसात मीटरवरून मोजलेली. आवाजाचे नियम मोडले तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि कैदेची पण तरतूद आहे. पण दंडापेक्षा मला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. डेसिबलमध्ये १० ने वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. जाळ्या काढलेली एक गाडी १० डेसिबल जास्त वाजत असेल तर त्र्यंबक रोडला सिव्हिल हॉस्पिटलसमोरून एकाच वेळी दहा धड गाड्या गेल्यासारखं आहे ते, आणि तिथे शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांमध्ये तर अजून वाईट, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल कमी होतो पण दोन्हीकडून भिंती असल्या की तो तेवढा कमी होतच नाही.

बसवताना घाई करू नका. इंजिनच्या हेडजवळ पाइप बसतो तिथलं गॅस्केट नवीनच टाका, जुनं एकदा दबलेलं परत नीट बसत नाही. सगळे नट आधी सैल ठेवायचे, सायलेन्सर लटकवायचा, मग आधी हेडकडचे नट थोडे थोडे करून सारखे आवळायचे, मग क्लॅम्प, आणि शेवटी मागचा हँगर, त्याला रबर बुश पाहिजेच नाहीतर सगळी थरथर चॅसिसमध्ये जाते. उलट क्रमाने आवळलं तर पाइप ताणात राहतो आणि काही दिवसांनी वेल्डिंगच्या कडेला तडा जातो. स्पीडब्रेकरला घासतोय का तेही मागे कोणाला तरी बसवून बघा. लीक आहे का बघायला थंड गाडी चालू करून जाड फडक्याने शेपूट क्षणभर झाका, जॉइंटमधून फुसफुस आली की कळतं. लीक बारीक असला तरी सोडू नका, उलट्या लाटेबरोबर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि कसारा घाट उतरताना थ्रॉटल बंद केला की न जळलेलं पेट्रोल त्या हवेत पाइपमध्येच भडकतं, ते फटाके तेच असतात. बीएस६ गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी लीक असेल तर सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि गाडी उगाच जास्त पेट्रोल ओढायला लागते. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत दोन-चार दिवसांनी प्लग काढून रंग बघा, कॉफीसारखा तपकिरी पाहिजे, पांढरट असेल तर मिक्श्चर पातळ म्हणजे पेट्रोल कमी, काळाकुट्ट असेल तर जाड म्हणजे पेट्रोल जास्त. एकदा चांगली तापवून थंड झाली की सगळे नट परत आवळा आणि पीयूसी पण करून घ्या.

मोजायचं असेल तर मोबाईल ॲपचा आकडा खरा धरू नका, पण आधी आणि नंतर यातला फरक बघायला तो चालतो. मोबाईल पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशाच्या कोनात, पाइपच्याच उंचीवर, दोन्ही वेळा आरपीएम तेच. आणि एक गोष्ट, मीटर सहसा ए-वेटेड आकडा दाखवतो, त्यात कानाच्या हिशोबाने खालची पट्टी बरीच कापलेली असते, ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल. म्हणजे आकडा छान दिसेल आणि तरी शेजाऱ्याच्या खिडकीची काच थरथरत असेल. तसं होत असेल तर ग्लासवूल वाढवून फायदा नाही, चेंबरची जागाच वाढवावी लागेल.

एक्झॉस्ट खरंच शांत झाला की टॅपेट, चेन, असे आधी दबलेले आवाज ऐकू यायला लागतात, घाबरू नका, ते आधीपासूनच होते. फक्त मूळ एअर फिल्टरचा डबा काढून कोणी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला असेल तर तो डबा आधी शोधून परत बसवा. इंजिन हवा ओढतानाही तसेच ठोके मारतं आणि तो डबा म्हणजे पुढच्या बाजूचा सायलेन्सरच आहे, तो नसेल तर मागे कितीही चांगलं काम केलं तरी गाडी घोगरीच वाजणार.